गवतात गवत: हरळीच्या लॉनमधल्या रान-नाचणीचं एक प्रकरण

हे लॉन एका संस्थेच्या आवारातलं आहे. एकूण क्षेत्र साधारण 1,000 चौरस मीटर. त्यातलं 800 चौरस मीटर भर उन्हात असून तिथे बारीक पानांची संकरित हरळी लावलेली आहे. उरलेला तुकडा झाडांच्या सावलीत येतो, तिथे रुंद पानांचं सेंट ऑगस्टीन गवत आहे. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे तिरकी पायवाट जाते. ती कुणी आखलेली नाही, लोकांच्या चालण्याने पडलेली आहे.

तक्रार अशी होती की तणनाशकाच्या फवारण्या झाल्या, खर्च झाला, हरळी पिवळी पडली, आणि नको असलेलं गवत मात्र आधीपेक्षा जोमात आहे. आवार सांभाळणाऱ्या माळीकाकांचं म्हणणं होतं, "औषध भेसळीचं असणार." औषध भेसळीचं नव्हतं. ज्या तणावर ते चालतं ते तण त्याने नीट मारलं होतं. जे उरलं होतं ते दुसरंच गवत होतं, रान-नाचणी, आणि त्या औषधाचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. हे सगळं प्रकरण इथूनच उलगडत गेलं, म्हणून ते सविस्तर लिहितो आहे. लॉनमध्ये रुंद पानांचं तण मारणं तुलनेने सोपं. गवतात वाढलेलं गवत मारायचं असेल तर चुकीला जागा फार थोडी असते.

आधी काय काय झालं होतं

फवारणीची नोंदवही नव्हती, पण रिकाम्या बाटल्या आणि पाकिटं ठेवलेली होती. त्यावरून क्रम लागला. हंगामाच्या सुरुवातीला टू-फोर-डी मारलं गेलं. हे औषध रुंद पानांच्या तणांवर चालतं. गवतवर्गीय झाडं त्याची मोडतोड करून बहुतांशी तगून जातात. त्यामुळे आंबुटी, दुधी अशी तणं गेली आणि त्यांची जागा मोकळी झाली. मोकळ्या जागेत ऊन थेट मातीवर पडतं. गवताच्या बियांना उगवायला नेमकं हेच हवं असतं.

मग जेव्हा गवताचे झुपके दिसू लागले, तेव्हा क्विनक्लोरॅक आणलं गेलं. क्विनक्लोरॅक हे लॉनमधल्या क्रॅबग्राससाठी, म्हणजे डिजिटेरिया प्रजातीसाठी, गाजलेलं औषध आहे आणि हरळीवर ते चालतंही. पण फवारणी झाली ती ऐन उष्ण दिवसांत आणि अंदाजाने घेतलेल्या मात्रेत. हवेचं तापमान 32 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की क्विनक्लोरॅकने हरळी पिवळी पडण्याचा धोका वाढतो, मात्रा जास्त झाली तर आणखीच. हरळी पिवळी पडून विरळ झाली. क्रॅबग्रास बऱ्यापैकी मेलं. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या रान-नाचणीला मात्र धक्काही लागला नाही, कारण क्विनक्लोरॅक तिच्यावर चालतच नाही. दोन्ही बाजूंनी स्पर्धा कमी झाली आणि तिचं फावलं.

कापलेल्या गवताबद्दलही इथेच सांगतो. क्विनक्लोरॅक मारलेल्या लॉनची कापणी फुलझाडांच्या आणि भाज्यांच्या वाफ्यांत आच्छादन म्हणून घालू नये. टोमॅटो-वांग्याच्या कुळातली झाडं या औषधाला फार संवेदनशील असतात आणि कापणीतून, अगदी कंपोस्टमधूनही, त्यांना इजा होते. या आवारात कापणी एका कुंड्यांच्या रांगेत जात होती. ती आधी थांबवली.

गुडघे टेकून पाहणी

लांबून पाहिलं तर सगळं हिरवंच दिसतं. म्हणून पायवाटेजवळचा, मध्यावरचा, पाणी साचणाऱ्या सखल टोकाचा आणि सावलीतला, असे वेगवेगळे नमुने मुळासकट उपटले आणि एका पांढऱ्या फरशीवर शेजारी शेजारी मांडले.

गोंधळ का होतो ते समजून घेण्यासारखं आहे. हरळी, क्रॅबग्रास आणि रान-नाचणी या तिन्हींचे तुरे हाताच्या बोटांसारखे फाकलेले असतात. तुऱ्यावरून ओळखायला गेलं की घोटाळा होतो, आणि तुरा येईपर्यंत थांबलं तर बी पडून गेलेलं असतं. ओळख बुंध्याशी आणि पात्याच्या सांध्याशी करायची.

रान-नाचणी, शास्त्रीय नाव इल्युसिन इंडिका, ही आपल्या नाचणीची जवळची जंगली नातलग. तिचा बुंधा चपटा असतो. दाबून सपाट केल्यासारखा, आणि मध्यभागी पांढुरका, चांदीसारखा. झुपका जमिनीलगत चारी बाजूंना पसरतो आणि मधोमध फिकट दिसतो. नवीन पान मधोमध घडी घातलेलं बाहेर येतं. तुऱ्याच्या बोटांवर दाणे दोन रांगांत इतके घट्ट बसलेले असतात की चेन लावल्यासारखं दिसतं. क्रॅबग्रासचं नवीन पान घडी घातलेलं नसतं, सुरळी केलेलं असतं. पातं जिथे खोडापासून सुटतं तिथे आतल्या बाजूला पातळ, उंच, कडा फाटल्यासारखा पडदा असतो, त्याला जिव्हिका म्हणतात. मोठ्या क्रॅबग्रासच्या पानावर आणि पर्णावरणावर (पानाचा खोडाला वेढणारा खालचा भाग) लव असते आणि त्याची खोडं पेरापेराला मुळं धरत पुढे सरकतात. हरळीला जिव्हिकेच्या जागी केसांची बारीक झालर असते. भिंगाशिवायही ती उजेडात धरली की दिसते.

सखल टोकाकडून आलेल्या नमुन्यांत एक तिसराच प्रकार होता. खोड बोटांमध्ये फिरवलं की तीन धारा लागत होत्या. पानं तीन रांगांत, जिव्हिका नाही. हा लव्हाळा, म्हणजे नागरमोथा. तो गवत नाहीच, मोथ्याच्या कुळातला आहे. खालची माती हलक्या हाताने उकरली तर एका धाग्याने जोडलेल्या काळपट गाठींची माळच हाती आली. आतापर्यंत त्याला "जाड गवत" म्हणत होते आणि गवताच्या औषधाने तो मरेल या आशेवर होते.

तर चित्र असं झालं: क्रॅबग्रास जवळपास संपलेलं, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना रान-नाचणी, आणि पाणी साचणाऱ्या टोकाला लव्हाळा. तीन वेगळी झाडं, त्यांना तीन वेगळी उत्तरं. सावलीतल्या सेंट ऑगस्टीनमध्ये रान-नाचणी जवळपास नव्हती, ती उन्हातली आहे. लव्हाळ्याचे काही कोंब मात्र तिथेही होते.

रान-नाचणी पायवाटेलाच का

एक जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन वापसा असताना जागोजागी जमिनीत खुपसून पाहिला. लॉनच्या मध्यावर तो मुठीपर्यंत सहज गेला. पायवाटेच्या कडेला दोन-तीन बोटांच्या खोलीवर अडला. माती इतकी दाबली गेली होती की हरळीची मुळं वरच्या थरातच राहत होती. रान-नाचणी अशा घट्ट, हवा कमी असलेल्या मातीत इतर गवतांपेक्षा बरी वाढते. म्हणूनच ती जगभर पायवाटा, गाडीरस्त्याच्या कडा, खेळाच्या मैदानातले गोलसमोरचे भाग, अशा ठिकाणी आधी दिसते. ती कुठे आहे ते पाहिलं की माती कुठे दाबली गेली आहे ते समजतं.

पाणीही रोज थोडं थोडं दिलं जात होतं. वरचा थर कायम ओला राहिला की उथळ पडलेलं बी उगवतं आणि हरळीची मुळं खाली जायला तयार होत नाहीत. सखल टोकाला तुषार सिंचनाची एक टोटी गळत होती, लव्हाळ्याचा सगळ्यात दाट पट्टा तिच्याभोवतीच होता.

कोणती औषधं नाकारली, आणि का

इथे थोडं थांबून लिहितो, कारण नुकसान होतं ते बहुतेक याच टप्प्यावर.

"निवडक" हा शब्द बाटलीवर असला की लोक निर्धास्त होतात. प्रश्न असा असतो की ते औषध कशातून काय निवडतं. क्विझॅलोफॉप, फ्लुअ‍ॅझिफॉप, प्रोपॅक्विझॅफॉप ही औषधं सोयाबीनसारख्या रुंद पानांच्या पिकात उगवलेलं गवत मारण्यासाठी बनलेली आहेत. ती गवताच्या पेशींतल्या एसीसी-एझ या एन्झाइमला बांधतात, त्यामुळे गवताला स्निग्ध आम्लं बनवता येत नाहीत आणि वाढीचं टोक कुजतं. सोयाबीनला काही होत नाही. हरळीच्या लॉनवर ती मारली तर रान-नाचणीबरोबर लॉनही जाईल. याच गटातलं फेनोक्झाप्रॉप झोयसियाच्या लॉनवर आणि थंड हवामानातल्या काही गवतांवर मर्यादेत चालतं, हरळीवर नाही. म्हणजे एकच औषध एका लॉनवर निवडक ठरतं आणि शेजारच्या लॉनवर सर्वनाशक. बाटली उघडण्याआधी लॉनच्या गवताची जात माहीत असायला हवी ती यासाठीच.

मेसोट्रायोन आणि टोप्रामेझोन हे दोन्ही पानातल्या हरितद्रव्याचं संरक्षण करणारी रंगद्रव्यं बनू देत नाहीत, म्हणून मरणारं झाड पांढरं पडतं. टोप्रामेझोन रान-नाचणीवर प्रभावी आहे, अगदी वाढलेल्या झुपक्यांवरही. पण हरळीही त्याने पांढरी पडते आणि सावरायला वेळ घेते. निरोगी, दाट हरळी हे सोसते. इथली हरळी आधीच्या फवारणीने खंगलेली होती, तिच्यावर हा भार टाकायला मी तयार नव्हतो. मेट्रिब्युझिनबद्दलही तोच विचार केला: तण मारणारी मात्रा आणि लॉनला इजा करणारी मात्रा यांत अंतर थोडं असतं आणि अशक्त लॉनवर ते अंतर आणखी कमी होतं.

एमएसएमए हे जुनं औषध अनेक जाणकार सुचवतात. त्यात आर्सेनिक असतं. अमेरिकेत 2009 पासून घरगुती लॉनवरचा त्याचा वापर बंद करण्याकडे पावलं पडली आणि आता ते गोल्फ मैदानं, लॉनची रोपवाटिका अशा मोजक्या ठिकाणीच अटींसह वापरता येतं. लोक ज्या हिरवळीवर अनवाणी बसतात तिथे हा पर्याय माझ्या मनाला कधीच पटलेला नाही.

ग्लायफोसेटने प्रत्येक झुपका टिपून मारणं शक्य होतं. पण प्रत्येक झुपक्याच्या जागी ताटाएवढं मृत वर्तुळ उरतं आणि त्या वर्तुळात पहिल्यांदा उगवते ती मातीत पडलेली रान-नाचणीच.

शेवटी फोरामसल्फ्युरॉन निवडलं. ते सल्फोनिलयुरिया गटातलं आहे. झाडाला ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन ही अमिनो आम्लं बनवण्यासाठी लागणारं एएलएस नावाचं एन्झाइम ते अडवतं. हरळी हे औषध आपल्या आत झपाट्याने मोडून निष्प्रभ करते, रान-नाचणीला ते तितक्या वेगाने जमत नाही. लेबलवर हरळी आणि रान-नाचणी या दोन्हींचा उल्लेख आहे याची खात्री केली. नोंदणी देशागणिक वेगळी असते, त्यामुळे जिथे वापर करायचा तिथलं लेबल हेच प्रमाण. सेंट ऑगस्टीनला फोरामसल्फ्युरॉन आणि क्विनक्लोरॅक दोन्ही चालत नाहीत, म्हणून सावलीच्या सीमेवर दोरी ताणली आणि अलीकडे एक मीटरचा पट्टा कोरडा सोडला. औषध बुटांच्या तळव्यांना लागूनही पलीकडे जातं, त्यामुळे पानं पूर्ण वाळेपर्यंत त्या बाजूने कुणी चालायचं नाही असं ठरलं.

लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन घेतलं. ते सेंट ऑगस्टीनवरही चालतं, त्यामुळे दोन्ही भागांचा प्रश्न एकाच औषधाने सुटत होता.

मात्रा: "पंपाला इतकं" ही पद्धत

माळीकाका पंधरा लिटरच्या पाठीवरच्या पंपाने फवारत आणि मात्रा पंपामागे मोजत. पंपाला एक झाकण, पंपाला दोन झाकणं. ही पद्धत सगळीकडे आहे आणि माझ्या मते लॉनच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे. पंप किती क्षेत्रावर रिकामा होतो हे कळल्याशिवाय पंपामागच्या मात्रेला काहीच अर्थ नसतो.

आम्ही 5 बाय 10 मीटरचा पट्टा आखला. पंपात साधं पाणी भरून काकांना नेहमीच्या चालीने फवारायला सांगितलं आणि नंतर पंपात पुन्हा मोजून पाणी भरलं. 50 चौरस मीटरला साडेतीन लिटर लागलं होतं. हेक्टरी हिशेब 700 लिटर. त्यांची झाकणांची मोजणी मात्र हेक्टरी 500 लिटर पाणी धरून आलेली होती. म्हणजे प्रत्येक फवारणीत औषध मुळातच 40 टक्के जास्त पडत होतं, आणि जिथे पट्टे एकमेकांवर चढत तिथे दुप्पट-अडीचपट. हरळीवरचे पिवळे पट्टे कुठून आले याचा उलगडा तिथेच झाला.

शंकूसारखा फवारा मारणारी नोझल काढून पंख्यासारखा सपाट फवारा देणारी बसवली. दाब सारखा ठेवून, नोझल गुडघ्याच्या उंचीवर धरून, चालीचा वेग थोडा वाढवून पुन्हा मोजलं आणि 500 लिटरवर आणलं, म्हणजे 50 चौरस मीटरला अडीच लिटर. मग मोजमाप सोपं झालं. हॅलोसल्फ्युरॉनचं उदाहरण घ्या. 75 टक्के सक्रिय घटक असलेली भुकटी, लेबलवरची वरची मात्रा हेक्टरी 70 ग्रॅम सक्रिय घटक. म्हणजे भुकटी हेक्टरी 93 ग्रॅम. हेक्टरात 10,000 चौरस मीटर, तर 400 चौरस मीटरला पावणेचार ग्रॅमपेक्षाही किंचित कमी. पावणेचार ग्रॅम! चमच्याच्या टोकावर मावेल इतकी. झाकणाने, चिमटीने, नजरेने हे मोजताच येत नाही. ग्रॅमचे दशांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणला आणि तो फक्त औषधांसाठीच वेगळा ठेवला.

फवारणी प्रत्यक्षात आडवी-उभी अशी दोनदा केली, प्रत्येक वेळी निम्मी मात्रा. पाण्यात निळा दर्शक रंग टाकला. कुठे पडलं आणि कुठे राहिलं हे लगेच दिसतं, आणि काकांना तो इतका आवडला की आता त्याशिवाय ते पंप उचलत नाहीत. लेबलवर सांगितलेलं चिकटद्रव्य मिसळलं. टू-फोर-डी मात्र टाकीत मिसळलं नाही. रुंद पानांच्या तणासाठीची काही औषधं गवतनाशकांची ताकद कमी करतात (फेनोक्झाप्रॉप आणि टू-फोर-डी यांचं उदाहरण चांगलं ठाऊक आहे), आणि त्या वेळी लॉनवर रुंद पानांचं तण जवळपास नव्हतंच.

हातमोजे, पूर्ण बाह्या, बूट, डोळ्यांना चष्मा. पानं वाळेपर्यंत आवारातल्या लोकांना त्या भागात येऊ दिलं नाही. पंप धुतलेलं पाणी गटारात न ओतता लॉनच्याच फवारलेल्या भागावर पातळ करून मारलं.

झुपके खणले, रोपं फवारली

रान-नाचणी लहान असताना, दोन-तीन फुटव्यांपर्यंत, औषधाला चांगला प्रतिसाद देते. मोठ्या झुपक्यांचं तसं नाही. त्यामुळे काम दोन भागांत विभागलं. फुललेले आणि बी धरलेले मोठे झुपके आदल्या दिवशी पाणी देऊन वापशावर खुरप्याने मुळासकट काढले आणि थेट पिशवीत टाकले, कापणीच्या ढिगात नाही. एका झाडावर हजारोंनी बी असतं, ते ढिगातून परत लॉनवर पोचायला वेळ लागत नाही. मोकळ्या झालेल्या खळग्यांत त्याच लॉनच्या कडेचे हरळीचे काशांसकट, म्हणजे धावत्या खोडांसकट, गोळे बसवले. उरलेली लहान रोपं फवारणीसाठी सोडली. फवारणीच्या आधी आणि नंतर प्रत्येकी दोन दिवस कापणी बंद ठेवली, म्हणजे औषध घ्यायला पानाचं क्षेत्रही राहतं आणि घेतलेलं औषध वाढीच्या टोकापर्यंत पोचायला वेळही मिळतो.

पहिल्या आठवड्यात काहीच दिसत नव्हतं. हे सांगणं महत्त्वाचं आहे, कारण याच आठवड्यात लोक घाईने दुसरी फवारणी करतात. सल्फोनिलयुरिया हळू काम करतात. झाडाची वाढ लगेच थांबते, पण जुनी पानं बरेच दिवस हिरवी राहतात. बारकाईने पाहिलं तर मधलं कोवळं पान फिकट झालेलं आणि लांबायचं थांबलेलं दिसत होतं. पुढे ते पिवळं पडलं, काही रोपांवर जांभळट छटा आली, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत बहुतेक रोपं तपकिरी होऊन बसली. हरळीवर किंचित फिकटपणा आला आणि गेला.

एका पट्ट्यात परिणाम स्पष्टपणे कमी होता. चौकशी केली तर समजलं की कंत्राटदाराच्या माणसाने फवारणीच्या दिवशीच संध्याकाळी ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे तिथून मशीन फिरवलं होतं. औषध शिरलेली पानंच कापून गेली. दुसरी फवारणी तीन आठवड्यांनी झाली तेव्हा त्या पट्ट्याकडे खास लक्ष दिलं.

लव्हाळ्याचं वागणं वेगळं. वरचे कोंब पिवळे पडून मेले, पण जमिनीखाली गाठींची माळ असते आणि त्यातल्या बऱ्याच गाठी सुप्त असतात. औषध पोचतं ते वाढत्या कोंबांशी जोडलेल्या गाठींपर्यंत. उरलेल्या नंतर फुटतात. म्हणून हॅलोसल्फ्युरॉन पुन्हा मारावं लागलं, आणि एका हंगामात लव्हाळा संपेल असं कुणाला सांगितलंही नाही. त्याला उपटत बसण्यानेही सुप्त गाठी जाग्या होतात, हे काकांना पटायला वेळ लागला. टोटी दुरुस्त झाल्यावर त्या टोकाची जमीन वरून वाळू लागली आणि नवे कोंब विरळ झाले.

मोकळ्या जागेचं काय

औषधाने फक्त जागा रिकामी केली. ती कोण भरणार हे मातीवर आणि कापणीवर ठरणार होतं. हरळी जोमात वाढत असतानाच पायवाटेच्या दोन्ही बाजूंना नळीच्या दातांच्या यंत्राने मातीच्या गुल्ल्या काढल्या. नुसत्या टोकदार काठीने भोकं पाडली तर आजूबाजूची माती आणखी दाबली जाते, म्हणून गुल्ली बाहेर निघणारंच यंत्र. मग नत्र विभागून दिलं आणि पाणी रोज थोडं देण्याऐवजी अंतराने पण खोलवर. संकरित हरळी बुटकी कापलेली चालते. पण एका वेळी पात्याचा एक-तृतीयांशाहून जास्त भाग काढला की ती विरळ होते, आणि आधी नेमकं तेच होत होतं: मशीन क्वचित चालवायचं आणि चालवलं की खोल कापायचं.

पायवाटेवर मात्र मी औषधाचा आग्रह सोडून दिला. लोक त्याच वाटेने जाणार, माती पुन्हा दाबली जाणार आणि रान-नाचणी परत येणार. तिथे अंतराअंतराने सपाट दगड बसवले. सगळ्या कामांत लॉनची सगळ्यात मोठी सोय झाली ती याने.

पुढच्या हंगामाची तयारी

रान-नाचणी आणि क्रॅबग्रास दोन्ही वर्षायू, बियांपासून येणारी. त्यामुळे बी उगवण्याआधी औषध देणं सगळ्यात परिणामकारक. वेळ मातीच्या तापमानावर ठरते. वरच्या थरातली माती काही दिवस सलग 12-13 अंश सेल्सिअसवर राहिली की क्रॅबग्रास उगवू लागतं. रान-नाचणीला साधारण 15 ते 18 अंश लागतात, म्हणून ती काही आठवडे मागाहून येते. क्रॅबग्राससाठी लवकर दिलेलं औषध रान-नाचणी उगवेपर्यंत अशक्त झालेलं असतं, आणि मग "औषध चाललं नाही" अशी समजूत होते. जिथे माती एवढी थंड होतच नाही तिथे उगवणीची लाट पावसाबरोबर येते, आणि वेळ त्यावरून ठरवावी लागते.

इथे एक अडचण होती. उगवणपूर्व औषधांतलं नेहमीचं पेंडिमेथॅलिन मुळांच्या टोकाशी पेशींचं विभाजन थांबवतं. बियांच्या मुळांसाठी ते चांगलं. पण हरळीची धावती खोडं पेरापेराला जी नवी मुळं मातीत रोवतात तीही त्याने अडतात. दाट लॉनवर याने बिघडत नाही. पायवाटेच्या बाजूचा विरळ भाग मात्र अजून भरायचा होता. म्हणून तिथे ऑक्साडायझॉन दाणेदार स्वरूपात दिलं. ते कोंब मातीतून वर येताना मारतं, धावत्या खोडांच्या मुळांना फारसं अडवत नाही आणि रान-नाचणीवर चांगलं चालतं. दाणे कोरड्या पानांवरच टाकले, ओल्या पानाला चिकटले तर तिथे जळल्याचे ठिपके पडतात. नंतर 12 मिलिमीटरच्या आसपास पाणी देऊन औषध मातीत उतरवलं. मध्यावरच्या दाट भागात पेंडिमेथॅलिनच ठेवलं.

या निवडीमागे आणखी एक कारण होतं. फोरामसल्फ्युरॉन आणि हॅलोसल्फ्युरॉन नावं वेगळी असली तरी दोन्ही एकाच एन्झाइमवर काम करतात, औषध झाडात कुठे काम करतं त्यावरून पाडलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दोन्ही गट 2. दर वर्षी तेच वापरत राहिलं तर त्या गटाला दाद न देणारी झाडं मागे उरतात आणि त्यांचंच बी पसरतं. रान-नाचणीचा इतिहास या बाबतीत धडधडीत आहे. ट्रायफ्ल्युरॅलिनला न जुमानणारी रान-नाचणी अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात 1973 मध्ये नोंदवली गेली, आणि मलेशियात 1997 मध्ये ग्लायफोसेटला न जुमानणारी. ट्रायफ्ल्युरॅलिन आणि पेंडिमेथॅलिन एकाच गटातली, गट 3. ऑक्साडायझॉन गट 14 मधलं. म्हणून गट बदलता ठेवला, आणि प्रत्येक फवारणीनंतर वाचलेलं रोप बी धरण्याआधी हाताने काढायचं हा नियम केला. वाचलेलं रोप औषध नीट न पडल्यामुळे वाचलं की प्रतिकारामुळे, हे पाहून सांगता येत नाही. काढून टाकलं की दोन्ही शक्यता मिटतात.

आता हरळीने पायवाटेच्या बाजूचे खळगे बहुतांशी भरले आहेत. रान-नाचणी दगडांच्या फटींत तुरळक उगवते आणि काका ती जाता-येता उपटतात. लव्हाळा सखल टोकाला अजून आहे, यंदाही तिथे हॅलोसल्फ्युरॉनची टिपून फवारणी होईल. सेंट ऑगस्टीनच्या सीमेवर हरळीच्या काशा सावलीत शिरू पाहतात. तिथे कुठलंही औषध न वापरता कुदळीने उथळ चर काढून सीमा राखायची, असं ठरलं आहे. नोंदवहीत आता तारीख, औषध, गट, मात्रा, पाण्याचं प्रमाण आणि त्या दिवशीचं तापमान असे रकाने आहेत, आणि ते काका स्वतः भरतात.